‘पार्लेरायएन्ट’ नाही हो, नुसतं ‘पार्-ल-रे’

या वेळी मेलबॉक्समध्ये फ्रेंचचाच ढीग आहे. अकरावीचे वर्ग सुरू झाले की दरवर्षी हे होतं, स्कोअरिंग सब्जेक्ट म्हणून पोरं हिंदी-मराठी सोडून फ्रेंच घेतात, त्यात आता कॅनडाला जायचंय म्हणून रात्री ऑफिसनंतर ऑनलाइन क्लास करणाऱ्यांची भर पडलीय. सगळ्यांचं दुखणं साधारण एकच आहे, लांबलचक क्रियापद दिसलं की कुठे तोडायचं आणि किती बोलायचं ते कळत नाही. उच्चार मी देवनागरीतच लिहितेय, चंद्रबिंदू दिसला की आवाज नाकातून काढायचा आणि जीभ कुठेही टेकवून न किंवा म करायचा नाही, आणि आडवी रेघ म्हणजे तिथे एक सिलेबल संपली.

ताई नमस्कार, मुलगी अकरावीला आहे आणि तिने फ्रेंच घेतलंय. ती वहीत प्रत्येक शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहिते. परवा सहज बघितलं तर पी-ए-आर-एल-ई-आर-ए-आय-ई-एन-टी या शब्दाखाली ‘पार्लेरायएन्ट’ लिहिलेलं. मला फ्रेंच येत नाही, पण माणसं एवढं सगळं बोलत असतील असं काही वाटत नाही. खरं काय आहे? — एक आई, डोंबिवली

तुमचा संशय अगदी बरोबर आहे. शब्द आहे ‘अमुक झालं तर ते बोलतील’ अशा अर्थाचा, लेटर अकरा आहेत आणि सिलेबल फक्त तीन, पार्-ल-रे. संपलं. शेवटचे पाच लेटर, ए-आय-ई-एन-टी, मिळून एकच आवाज होतो, तो म्हणजे तोंड जरा जास्त उघडून म्हटलेला ए, आपला ‘ए’ आणि ‘बॅट’मधला ‘ॲ’ यांच्या मधला कुठेतरी. ‘ते बोलायचे’ या अर्थाचं रूप घेतलं तर तिथेही हेच शेपूट, पार्-ले. आणि साधं ‘ते बोलतात’ घेतलं तर शेवटचं ई-एन-टी पूर्ण मुकं, उरतं नुसतं ‘पार्ल’, एक सिलेबल.

मुलीला एक गोष्ट मात्र आधी सांगा, की ई-एन-टी सगळीकडे मुकं नसतं, ते फक्त ‘ते’ किंवा ‘त्या’ कर्ता असलेल्या क्रियापदाच्या शेवटी मुकं असतं. ‘नेहमी’साठीचा शब्द ‘सू-व्हाँ’ आहे, तिथे शेवटी तेच ई-एन-टी आहे आणि ते नाकातून स्पष्ट ऐकू येतं. ‘तो येतो’मध्ये क्रियापदच आहे पण कर्ता एकवचनी, म्हणून ‘इल व्यॅँ’ असं परत नाकातून. यावर फ्रेंचमध्ये एक जुनं गमतीचं वाक्य आहे, मठातल्या कोंबड्या अंडी उबवतायत, ले पूल द्यू कूव्हाँ कूव्ह. ‘मठ’ आणि ‘उबवतात’ हे दोन्ही शब्द लागोपाठ येतात आणि दोन्हीचं स्पेलिंग सी-ओ-यू-व्ही-ई-एन-टी असंच्या असं, पण पहिला कूव्हाँ आणि दुसरा कूव्ह! त्यामुळे तोडण्याआधी शब्द क्रियापद आहे का आणि कर्ता कोण हे बघायचं, मग तोंड उघडायचं.

हे मुके लेटर ठेवलेच कशाला असं ती विचारणार, सगळीच विचारतात. कारण साधं आहे, ही रूपं लॅटिनमधून आली, जुन्या फ्रेंचमध्ये शेवटचा टी ऐकू यायचा, मग बोलण्यातून तो गळला पण लिहिण्यातून कोणी काढला नाही. शेपटातलं ए-आय तर बऱ्याच उशिरा आलंय, आधी तिथे ओ-आय लिहायचे, उच्चार बदलून कधीच ‘ए’ झालेला होता, वोल्तेर या लेखकाने ए-आय लिहा म्हणून बराच आग्रह धरला आणि फ्रेंच अकादमीच्या शब्दकोशाने ते मान्य केलं थेट 1835 मध्ये.

आणि वहीत देवनागरी लिहायला माझी अजिबात ना नाही, उलट त्याचा फायदाच आहे. तिला ‘समजावतील’ हा शब्द लिहायला सांगा. स-म-जा-व-ती-ल, कागदावर सहा अक्षरं. आता बोलायला सांगा. सम्-जाव्-तील, तीन. मधले आणि शेवटचे अ तिने गिळले आणि ते कुठे गिळायचे हे तिला कोणी शिकवलेलं नाही. फ्रेंचमधला एकटा ई, म्हणजे ज्याच्यावर टोपी-टिकली काही नाही असा, तो बराचसा आपल्या या अ-सारखाच वागतो, लिहिलेला असतो, कधी बोलला जातो, कधी गायब. सवय तिच्या तोंडात आहेच, फक्त फ्रेंचचे गिळायचे नियम थोडे वेगळे आहेत, ते पुढच्या उत्तरात येतायत.

हाय मॅडम, मी कॅनडा पीआरसाठी टीईएफ या फ्रेंचच्या परीक्षेची तयारी करतेय. ‘आम्ही गाऊ’ हे आमचे सर शाँ-त्रोँ असं दोन सिलेबलमध्ये म्हणतात, पण ‘संधी मिळाली तर आम्ही गाऊ’वालं रूप म्हणताना शाँ-त-ऱ्योँ, तीन. स्पेलिंगमध्ये फरक फक्त एका आयचा आहे. मग मधला ई एकात मेला आणि दुसऱ्यात जिवंत कसा काय? आणि ‘आम्हाला हवं होतं’ असं नम्रपणे म्हणायचं ते वू-द्र्योँ की वू-द्रि-योँ? — अंधेरी

तुमचे सर बरोबर आहेत आणि तुमचा कान त्याहून बरोबर आहे, कारण हा फरक बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

आधी सोपा भाग घेऊ. ई गिळायचा की नाही हे बहुतेक वेळा आजूबाजूला किती व्यंजनं गोळा होतात त्यावर ठरतं. मोरिस ग्रामाँ नावाचे फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ होते (1866–1946), त्यांनी याला तीन व्यंजनांचा नियम म्हटलं, म्हणजे ई काढल्यावर तीन व्यंजनं एकमेकांना येऊन चिकटणार असतील तर ई ठेवायचा. ‘आम्ही देऊ’ घ्या, दोन्-रोँ, इथे ई काढला तर न आणि र फक्त दोनच भेटतात, चालतंय, गिळा. ‘आम्ही बोलू’मध्ये मात्र र-ल-र असा तिघांचा जथा होतो, म्हणून पार्-ल-रोँ, ल-मधला अ ठेवायचा. वरच्या आईंच्या प्रश्नातला पार्-ल-रे त्याच कारणाने तीन सिलेबलचा आहे. शाँ-त्रोँमध्ये त आणि र, दोनच, आणि त्यांची जोडी फ्रेंचला एकदम लाडकी, म्हणून ई गेला. (मार्सेय, तुलूझ अशा दक्षिणेकडच्या शहरांत लोक हा ई पण बोलतात, शाँ-त-रोँ, ते चूक नाही, तिकडची पद्धत आहे.)

आता तुमचा आय. तो ओच्या आधी आला की य होतो. म्हणजे ई काढला तर त-र-य असं तिघं एका सिलेबलच्या तोंडाशी उभे राहतात, त्र्योँ. आणि इथे मराठी माणूस फसतो, कारण आपल्याला त्र्य म्हणायला काहीच त्रास नाही, स्वातंत्र्य म्हणतो, दारिद्र्य म्हणतो, जीभ अडत नाही. फ्रेंच तोंडाला मात्र व्यंजन, मग र किंवा ल, मग य, असा जोडाक्षराचा डबा एका सिलेबलमध्ये चालत नाही म्हणजे नाही. मग ते दोनपैकी एक करतात. मध्ये ई उपलब्ध असेल तर त्याला जिवंत ठेवतात, शाँ-त-ऱ्योँ. ई नसेलच तर आयला पूर्ण स्वर करतात आणि य वेगळा काढतात, वू-द्रि-योँ. हे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर झालं, तीन सिलेबल, आपण ‘इंद्रियं’ म्हणताना जो द्रि-य काढतो तसाच. ‘दारिद्र्य’वाला द्र्य नको. गंमत म्हणजे जुन्या फ्रेंच कवितेत अशा ठिकाणी एकच सिलेबल मोजायचे, 17व्या शतकात ते बदललं आणि नवीन मोजणी पक्की झाली.

मी वर ऱ्योँ लिहिताना मुद्दाम ‘दुसऱ्या’मधला ऱ्य वापरलाय, ‘सूर्या’मधला र्य नाही. ‘सूर्याला’ म्हणताना र मागच्या सिलेबलला जातो, सूर्-या-ला, आणि ‘दुसऱ्याला’ म्हणताना र पुढच्याबरोबर राहतो, दुस-ऱ्या-ला. फ्रेंचला हा दुसरा प्रकार हवा. त्यांचा मूळ स्वभावच तसा आहे, व्यंजन शक्यतो पुढच्या स्वराला द्यायचं आणि सिलेबल स्वरावर उघडी सोडायची. शाँ-तर्-योँ म्हटलं की लगेच परकं वाटतं, शाँ-त-ऱ्योँ म्हटलं की बसतं. देवनागरीत हा फरक दाखवता येतो, रोमनमध्ये नोट्स काढणाऱ्याला दिसतसुद्धा नाही.

टीईएफसाठी म्हणाल तर वू-द्रि-योँ घोटून ठेवा, तोंडी परीक्षेच्या पहिल्या भागात जाहिरात बघून फोनवर माहिती विचारायची असते आणि तिथे ‘आम्हाला जाणून घ्यायचं होतं’ हे पहिल्या मिनिटातच लागतं. र घशातून आला नाही तरी चालेल हो, मराठी र समजतो त्यांना, सिलेबल खाल्ली तर मात्र समोरचा गोंधळतो.

मी फोनवर व्हॉइस टायपिंग लावून प्रॅक्टिस करतो. ‘अमुक झालं तर ते बोलतील’वालं रूप म्हटलं की फोन दर वेळी ‘अमुक झालं तर तो बोलेल’चं लिहितो. माझा उच्चार कुठे चुकतोय? — ठाणे

कुठेच नाही. इल पार्-ल-रे आणि इल पार्-ल-रे, एकवचन आणि अनेकवचन कानाला एकच आहेत, खुद्द पॅरिसचा माणूस बोलला तरी फोनला नुसत्या आवाजावरून कळणार नाही. ‘तर मुलं बोलतील’ असा कर्ता टाकून म्हण, म्हणजे फोन नीट लिहील. किंवा स्वराने सुरू होणारं क्रियापद घे. ‘तर तो येऊन पोचेल’ इ-ला-रीव्-रे, ‘तर ते येऊन पोचतील’ इल्-ज़ा-रीव्-रे, इथे कर्त्याचा मुका एस अचानक जागा होऊन ‘जरा’मधल्या ज-सारखा ऐकू येतो. बघ, एकवचनात ल सुद्धा आपला शब्द सोडून पुढच्या स्वराकडे गेलाय, इल-आ नाही, इ-ला. म्हणजे सिलेबल तोडताना दोन शब्दांमधली मोकळी जागा फ्रेंच माणूस मोजतच नाही.

मॅम, कॉलेजच्या टेस्टमध्ये ‘ते संपवत होते’ या शब्दाच्या सिलेबल पाडायला सांगितलेल्या. मी फि-नि-से या हिशोबाने पाडलं तर अर्धे मार्क कापले, मॅम म्हणाल्या दोन एस आहेत तर एक इकडे एक तिकडे जाणार. मग बोलताना पण एस दोनदा म्हणायचा का? आणि पासे सँप्ल या भूतकाळाच्या रूपांचं काय, ती पण पाठ करायची का? — बारावी, बोरिवली

दोघंही बरोबर आहात, फक्त दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजताय. ओळीच्या शेवटी शब्द मावला नाही की छापताना तो कुठे तोडायचा याचा एक वेगळा नियम आहे आणि त्यात जोडलेली दोन सारखी व्यंजनं फोडतात, म्हणून कागदावर एफ-आय, मग एन-आय-एस, मग एस-ए-आय-ई-एन-टी. बोलताना मात्र दोन एस म्हणजे एकच स, आणि तो पुढच्या स्वराकडे, फि-नि-से. आपण ‘रस्सा’ म्हणताना स दाबतो तसा तिथे दाबायचा नाही. दोन एसचं काम एवढंच की मधला आवाज स राहावा, एकटा एस दोन स्वरांमध्ये आला तर तो ज़ होतो.

कागदावरच्या तोडणीत अजून दोन-तीन गोष्टी विचारतात. जी-एन ही जोडी फोडत नाहीत कारण तो एकच आवाज आहे, ‘ते जिंकत होते’ गा-न्ये. दोन स्वरांमधल्या एक्सच्या आधी किंवा नंतर तोडत नाहीत. आणि ‘ते खात होते’चं स्पेलिंग दहा लेटरचं आहे, एम-ए-एन-जी-ई-ए-आय-ई-एन-टी, आणि सिलेबल दोन, माँ-झे. जी-नंतरचा ई तिथे फक्त जीचा ग होऊ नये म्हणून बसवलाय, त्याला स्वतःचा आवाज नाही. टेस्टमध्ये प्रश्नात ‘उच्चाराप्रमाणे’ लिहिलंय की ‘लेखनाप्रमाणे’ ते बघ, लिहिलं नसेल तर हात वर करून विचार, त्यात लाज कसली.

पासे सँप्ल कथा-कादंबऱ्यांत वाचायला लागतं, रोजच्या बोलण्यात कोणी वापरत नाही. ओळखता आलं की पुरे. एकच लक्षात ठेव, तिथे ‘ते बोलले’ पार्-लेर असं होतं, ई-एन-टी मुकं पण त्याच्या आधीचा र ऐकू येतो. आणि त्याहून भारदस्त, -स्योँने संपणारी पार्-ला-स्योँ टाइप रूपं दिसली तर नमस्कार कर आणि पुढे जा.

नियम सगळे कळतात, पण ‘अमुक झालं तर ते पुन्हा सुरू करतील’सारखा सोळा लेटरचा शब्द आला की मधेच धडपडते. लोकलमध्ये उभ्याउभ्या करता येईल अशी काही प्रॅक्टिस सांगा ना. — कल्याण

शेवटाकडून सुरू करा. खरंच, उलटं. आपण शब्द पुढून वाचायला घेतो, सुरुवात जोरात होते आणि शेपटापर्यंत येईतो दम आणि धीर दोन्ही संपतात, आणि फ्रेंचमध्ये नेमकं शेपूटच महत्त्वाचं असतं. तर असं, आधी नुसतं ‘रे’. मग ‘माँस्-रे’. मग ‘को-माँस्-रे’. मग ‘र-को-माँस्-रे’. शेवटी ‘इल र-को-माँस्-रे’. सोळा लेटर, सिलेबल चार. पुटपुटलात तरी शेजारची काही म्हणणार नाही, तिला वाटेल स्तोत्र म्हणताय.

दोन ठिकाणी जपा. एक, माँ-नंतर स येतोय म्हणून जीभ आपोआप न करायला जाते, ‘मान्स’, कारण मराठीत अनुस्वार पुढच्या व्यंजनाप्रमाणे न-म होतो, ‘शांत’मध्ये आपण सरळ न म्हणतो. इथे जीभ खालीच ठेवायची. घरात कोकणी बोलणारं कोणी असेल तर त्यांचं ऐका, त्यांच्याकडे नाकातले स्वर शाबूत आहेत. दुसरं म्हणजे जोर. इंग्लिश मीडियममध्ये शिकलेल्यांना एका सिलेबलवर हातोडा मारायची सवय असते, रकोमाँसरेमधला ‘को’ ठोकतात आणि बाकीच्या चिरडतात. फ्रेंचमध्ये सगळ्या सिलेबल साधारण सारख्या मापाच्या, फक्त बोलण्याच्या तुकड्यातली शेवटची जराशी लांबवायची. तुमची घरची मराठी ज्या सपाट चालीत आहे ती इथे जास्त उपयोगी पडेल, ऑफिसची इंग्लिश नाही.

हे जमलं की ‘तर ते अभ्यास करतील’ घ्या, इल्-ज़े-त्यु-दि-रे. यातला त्यु म्हणजे ओठ ऊ-चे आणि जीभ ई-ची, आणि दि-नंतरचा ई स्वराच्या मागे आल्यामुळे पूर्ण गायब.

मी निवृत्त आहे, हौसेने एका कॉयरमध्ये गातो. सध्या एक फ्रेंच गाणं बसवतोय. आमच्या बाई प्रत्येक ई गायला लावतात, पार्-ल असं दोन सुरांत. नातू म्हणतो आजोबा हे चूक आहे, पार्ल एकच. कोणाचं ऐकू? — गिरगाव

काका, गाताना बाईंचं आणि बोलताना नातवाचं. तुम्ही अभंग गात असाल तर हे तुम्हाला आधीपासून येतंय. मोठ्या अभंगाचं माप सहा-सहा-सहा-चार अक्षरांचं, ती मोजताना ‘सुंदर’ची तीन धरतात, सुं-द-र, आणि गाताना तो शेवटचा र आपण अ-सकट म्हणतो, घरी बोलताना कोणी म्हणत नाही. जुन्या फ्रेंच कवितेचं असंच आहे. त्यांची बारा सिलेबलची ओळ मोजताना व्यंजनाच्या आधी येणारा ई मोजतात, पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर सहसा सोडतात, आणि ओळीच्या अगदी शेवटचा मोजत नाहीत, पण संगीतकाराने त्याला सूर दिलेला असेल तर तो गायचा. म्हणून ‘ते बोलतात’ला बाई दोन सूर देतायत ते बरोबर आहे.

फक्त एक बघून घ्या. मगाचं ते ए-आय-ई-एन-टी शेपूट गाण्यात आलं तर तिथे ई दिसतोय म्हणून त्याला वेगळा सूर द्यायचा नाही, ते कवितेतसुद्धा एकच सिलेबल धरतात, पार्-ले, दोनच. तिथे कॉयरमधल्या कोणी ‘पार्-ले-य’ असं काही लावलं तर बाईंना बाजूला घेऊन सांगा, आणि नातवाला तुमच्या पुढच्या प्रॅक्टिसला घेऊन जा.